अमेरिकेतला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा: मदतीच्या फोनची किंमत कोण मोजतं?

समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: "अमेरिकेतल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर मी प्रबंध लिहिते आहे. या कायद्यांत वंशाचा उल्लेख नाही. मारणाऱ्याला पोलिसांनी अटक केलीच पाहिजे, हा नियम तर उघडच बाईच्या बाजूचा आहे. मग कृष्णवर्णीय स्त्रीवादी अभ्यासकांनीच त्याच्यावर एवढी टीका का केली? आणि या संशोधनातलं काय वाचावं, कुठून सुरुवात करावी?"

कायदा आणि कुटुंब हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे. या प्रश्नाला 'कायदा चांगला, अंमलबजावणी वाईट' असं ठरावीक उत्तर दिलं की विषय तिथेच संपतो, म्हणून ते मी देणार नाही. गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनातून मला दिसणारी मुख्य गोष्ट अशी: मदतीसाठी केलेल्या फोनची किंमत प्रत्येक बाईला सारखी पडत नाही. हा फरक कलमाच्या शब्दांत शोधू नका. पोलीस येऊन गेल्यावर नोकरीचं, घराचं, मुलांचं, व्हिसाचं काय होतं, तिथे तो सापडतो. कायदा फक्त अटकेपर्यंतच पाहतो, बाईला मात्र त्यानंतरही जगायचं असतं.

आधी एक गैरसमज दूर करते. वंशाचा मुद्दा या कायद्यात अलीकडे कोणीतरी बाहेरून आणला, असं नाही. नवऱ्याला बायकोला मारण्याचा हक्क नाही, असं बजावणारा अमेरिकेतला एक गाजलेला निकाल अलाबामाच्या न्यायालयाने १८७१ साली दिला. त्यातला आरोपी नुकताच गुलामीतून मुक्त झालेला माणूस होता. पुढे मेरीलँडने १८८२ मध्ये, डेलावेअरने १९०१ मध्ये आणि ओरेगनने १९०५ मध्ये बायकोला मारणाऱ्यांसाठी फटक्यांच्या शिक्षेचे कायदे केले. त्या काळाचा अभ्यास केलेल्या रीव्हा सीगल यांच्यासारख्या कायदेपंडितांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. उच्चभ्रू गोऱ्या घरातली मारहाण 'खासगी बाब' म्हणून झाकली जात होती आणि शिक्षेचा बडगा मुख्यतः कृष्णवर्णीय, स्थलांतरित आणि गरीब पुरुषांवर उगारला जात होता. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने तर मतदानाचा हक्क हिरावून घेणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत बायकोला मारहाण हाही गुन्हा घातला. ती राज्यघटना बनवणाऱ्या परिषदेचा हेतू गोऱ्यांचं वर्चस्व कायम करण्याचा होता, हे परिषदेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं होतं. त्याच कलमातली 'नैतिक अधःपतना'ची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हंटर विरुद्ध अंडरवुड या खटल्यात वांशिक हेतूमुळे रद्द केली. बाईच्या रक्षणाची भाषा आणि कृष्णवर्णीय पुरुषाला मताधिकारातून वगळण्याचं राजकारण एकाच कलमात कसं नांदू शकतं, हे पाहायचं असेल तर यापेक्षा स्पष्ट दाखला नाही. पुढची चर्चा वाचताना हा इतिहास हाताशी ठेवा.

आता आधुनिक कायद्याकडे. १९७० च्या दशकापर्यंत पोलिसांची रीत ठरलेली होती: दोघांना समजावायचं, नवऱ्याला जरा बाहेर फिरून यायला सांगायचं आणि निघून जायचं. स्त्री-चळवळीने या रीतीविरुद्ध लढा दिला तो अगदी योग्य होता. ओरेगनने १९७७ मध्ये सक्तीच्या अटकेचा पहिला कायदा केला. कनेक्टिकटमधल्या टॉरिंग्टन शहरात ट्रेसी थर्मन यांनी विभक्त नवऱ्याविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या होत्या. १९८३ मध्ये त्याने त्यांना भोसकलं आणि पोलीस अधिकारी तिथे आल्यानंतरही मारत राहिला. त्यांनी शहरावर खटला भरला. घरातली मारहाण म्हणून पोलिसांनी दुर्लक्ष करणं हा समान संरक्षणाच्या हक्काचा भंग ठरू शकतो, हे संघीय न्यायालयाने १९८४ मध्ये मान्य केलं आणि पुढे ज्यूरीने त्यांना २३ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. देशभरच्या पोलीस खात्यांना त्या आकड्याने धडकी भरली.

नेमक्या त्याच वर्षी, १९८४ मध्ये, मिनियापोलिसच्या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क या समाजशास्त्रज्ञांनी किरकोळ मारहाणीच्या ३१४ प्रकरणांत पोलिसांना चिठ्ठीने ठरवून दिलं होतं की अटक करायची, समजावायचं, की मारणाऱ्याला आठ तासांसाठी घराबाहेर काढायचं. सहा महिन्यांच्या पोलीस नोंदींनुसार अटक झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के पुरुषांनी पुन्हा हिंसा केली. समजावून सोडलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के आणि बाहेर काढलेल्यांत २४ टक्के होतं. निष्कर्ष सुटसुटीत होता, वर्तमानपत्रांनी उचलून धरला, आणि काही वर्षांतच एकापाठोपाठ एक राज्यांनी सक्तीची किंवा प्राधान्याने अटक करण्याचे कायदे केले. मूळ लेखकांनी सक्तीच्या अटकेची शिफारस केली नव्हती, हे मात्र फारसं कुणी लक्षात घेतलं नाही. अटकेला झुकतं माप द्यावं, पण आधी इतर शहरांत प्रयोग पुन्हा करून पाहावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय ज्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, त्यांतल्या निम्म्याच शेवटपर्यंत सापडल्या. ज्या सापडल्या नाहीत त्यांचं काय झालं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

प्रयोग पुन्हा झाले: ओमाहा, शार्लट, मिलवॉकी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि मायामीच्या परिसरातलं मेट्रो-डेड इथे. निकाल एकसारखे आले नाहीत. मिलवॉकीचा अभ्यास १९९२ मध्ये आला आणि मी विद्यार्थ्यांना तोच सगळ्यात आधी वाचायला देते. तिथे १,२०० प्रकरणं होती. नोकरी असलेल्या पुरुषाला अटक झाली की तो पुढे दबकून वागत होता. बेकार पुरुषाला अटक झाली की त्याची हिंसा उलट वाढत होती. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही आहे त्यालाच अटकेची भीती वाटते. कारखाने बंद पडत चाललेल्या मिलवॉकीत बेकारी सगळ्यात जास्त होती ती कृष्णवर्णीय वस्त्यांत. त्यामुळे सरसकट अटकेच्या धोरणातून गोऱ्या बायकांना संरक्षण मिळत होतं आणि त्याची किंमत कृष्णवर्णीय बायका मोजत होत्या, हे शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच मांडलं. इथे वंश हे 'कारण' म्हणून रक्तात किंवा संस्कृतीत बसलेलं नाही. तो रोजगारातून, वस्तीतून, शहराच्या इतिहासातून येतो. मायकेल बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं. वस्तीची आर्थिक अवस्था विचारात घेतली की कौटुंबिक हिंसाचारातला कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधला फरक बराच आटतो.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही तुम्ही लपवू नका. २००१ मध्ये पाच शहरांतली चार हजारांवर प्रकरणं एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अटकेचा थोडासा चांगला परिणाम दिसला. सरासरी म्हणून तो खरा आहे. पण सरासरीत नोकरदार आणि बेकार, गोरी वस्ती आणि काळी वस्ती एकमेकांत मिसळून जातात.

मिलवॉकीच्याच प्रकरणांचा पाठपुरावा शर्मन आणि हेदर हॅरिस यांनी २३ वर्षांनंतर केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या जोडीदारांना ताकीद देऊन सोडलं होतं त्यांच्या तुलनेत, ज्यांच्या जोडीदारांना अटक झाली त्या बायकांचा कोणत्याही कारणाने झालेला मृत्युदर ६४ टक्के जास्त निघाला. कृष्णवर्णीय बायकांत ही वाढ ९८ टक्के होती, गोऱ्या बायकांत ९ टक्के. मेलेल्या बायका म्हणजे मारल्या गेलेल्या बायका नव्हेत, बहुतेक मृत्यू आजारपणाचे होते. अटकेनंतरच्या ताणाने शरीर पोखरलं गेलं असेल, असा तर्क लेखकांनी केला, पण ती साखळी सिद्ध झालेली नाही. एका शहरातल्या एका निकालावर धोरण उभं करू नये, हा मिनियापोलिसचा धडा इथेही लागू आहे. तरीही जोडीदाराला घेऊन जाणारी गाडी त्या बाईच्या आयुष्यातलं आणखी काय घेऊन जाते, हे अटकेच्या आकड्यांत कधीच मोजलं जात नव्हतं, ते या अभ्यासाने निदान मोजायला घेतलं.

कृष्णवर्णीय कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांचं काम या सगळ्याला वैचारिक चौकट देतं. आंतरछेदितेची, म्हणजे वंश आणि लिंग असे भेदभाव एकाच बाईवर एकत्र येऊन वेगळाच परिणाम करतात ही, संकल्पना त्यांनी १९८९ मध्ये मांडली आणि १९९१ च्या दीर्घ निबंधात ती स्त्रियांवरील हिंसेला लावली. त्या निबंधाचा हवाला सगळेच देतात, शेवटपर्यंत वाचतात फार थोडे. तुम्ही तो वाचा तो त्यातल्या तपशिलांसाठी. क्रेनशॉ यांनी लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे भागवार आकडेवारी मागितली, ती मिळाली नाही. हिंसाचारविरोधी कार्यकर्त्यांना भीती होती की हा 'काळ्या-तपकिरी लोकांचा प्रश्न' ठरवून सरकार हात झटकेल. वस्त्यांतल्या पुढाऱ्यांना भीती होती की आपल्या पुरुषांची हिंसक म्हणून बदनामी होईल. दोन्ही भीती समजण्यासारख्या होत्या, आणि दोन्हींचा परिणाम एकच झाला: त्या वस्त्यांतल्या बायकांवर काय गुदरत होतं याचा आकडा कुणाच्याच हाती आला नाही. दुसरा तपशील एका निवारागृहाचा. नवऱ्याने जिवे मारण्याची धमकी दिलेल्या एका लॅटिना बाईला तिथे जागा नाकारली गेली, कारण तिला इंग्रजी पुरेसं येतं याची खात्री नव्हती आणि गटचर्चा इंग्रजीत होत असे. नियम करणाऱ्यांच्या मनात वंशद्वेष असेलच असं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जी बाई होती ती इंग्रजी बोलणारी होती, एवढंच. भेदभाव व्हायला तेवढं पुरतं.

सक्तीच्या अटकेचा आणखी एक परिणाम कुणाला अपेक्षित नव्हता. अटक झालीच पाहिजे म्हटल्यावर आणि दोघांच्याही अंगावर ओरखडे दिसल्यावर पोलीस दोघांनाही घेऊन जाऊ लागले. कनेक्टिकटमध्ये अशा दुहेरी अटकांचं प्रमाण कुप्रसिद्ध होतं. मुख्य आक्रमक कोण हे ठरवूनच अटक करण्याचा कायदा तिथे २०१८ मध्ये झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच हा प्रकार. इथे वंशाचा प्रश्न येतो तो 'खरी पीडित' कशी दिसते या पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या मनातल्या चित्रातून. घाबरलेली, रडणारी, हळू आवाजात बोलणारी बाई त्या चित्रात बसते. कृष्णवर्णीय बाई म्हणजे भांडखोर, दणकट, स्वतःचं रक्षण करू शकणारी, हा साचा गुलामगिरीच्या काळापासून चालत आला आहे. जी बाई ओरडते, जिने उलट हात उगारलेला असतो, तिला या साच्यामुळे आक्रमक ठरवणं सोपं जातं.

पण म्हणून कृष्णवर्णीय बायकांना पोलीस नकोच असतात असं समजू नका. अनेक सर्वेक्षणांत त्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त वेळा पोलिसांना कळवताना दिसतात. दुसरा आधार हाताशी नसतो, हे त्याचं एक कारण. त्यांच्या वस्त्यांत पोलीस नको तेव्हा सतत असतात आणि हवे तेव्हा येत नाहीत. न येण्याची कायदेशीर किंमतही फारशी नाही. कोलोरॅडोतल्या जेसिका गोन्झालेस यांनी १९९९ मध्ये, नवऱ्याला दूर ठेवणारा न्यायालयाचा संरक्षण आदेश हातात असताना, नवऱ्याने तीन मुलींना पळवून नेलं म्हणून पोलिसांना पुन्हा पुन्हा विनवलं. तिन्ही मुली मारल्या गेल्या. आदेशाची अंमलबजावणी मागण्याचा घटनात्मक हक्क त्यांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं. राज्याच्या कायद्यात सक्तीच्या अटकेची भाषा होती, तरीही. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने अमेरिकेला यासाठी दोषी धरलं.

आता घराकडे वळते, कारण माझ्या मते या विषयातलं सगळ्यात डोळे उघडणारं समाजशास्त्रीय काम तिथे झालं आहे. अमेरिकेतल्या अनेक शहरांत 'उपद्रवी मालमत्ते'चे नियम आहेत. एखाद्या पत्त्यावरून ठरावीक मुदतीत ठरावीक वेळा पोलिसांना बोलावलं गेलं की घरमालकाला नोटीस जाते. उपद्रव थांबवा, नाहीतर पोलीस फेऱ्यांचा खर्च भरा. मिलवॉकीत ही मर्यादा तीस दिवसांत तीन फोन अशी होती. मॅथ्यू डेझमंड आणि निकोल वाल्डेझ यांनी तिथल्या दोन वर्षांच्या नोटिसा तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार जवळजवळ एक तृतीयांश नोटिसांच्या मुळाशी कौटुंबिक हिंसाचार होता. काळ्या वस्त्यांमध्ये नोटिशीला पात्र ठरणाऱ्या दर १६ मालमत्तांमागे एकीला ती मिळाली, गोऱ्या वस्त्यांत दर ४१ मागे एकीला. आणि बहुतेक घरमालकांनी 'उपद्रव' थांबवला तो भाडेकरू बाईला बाहेर काढून किंवा तशी धमकी देऊन. नियमाच्या मसुद्यात वंश नाही, लिंग नाही, नवरा नाही, बायको नाही. तरी मार खाणारी बाई उपद्रव ठरली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा, फक्त तोंड दाबणारा हात नगरपालिकेचा.

पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये लकीशा ब्रिग्ज यांच्या बाबतीत हे टोकाला गेलं. आणखी एक फोन झाला तर घर जाईल, हे त्यांना माहीत होतं. २०१२ मध्ये पूर्वीच्या जोडीदाराने मानेवर वार केल्यावर, रक्त वाहत असतानाही, फोन करू नका असं त्या शेजाऱ्यांना विनवत होत्या. त्या वाचल्या. शहराने २०१४ मध्ये ४,९५,००० डॉलर देऊन खटला मिटवला. आपल्या घरातून गुन्हा कळवण्याचा हक्क संघीय कायद्यात यायला २०२२ उजाडलं. तुम्हाला प्रबंधासाठी जागा शोधायची असेल तर ही आहे. गावोगावचे असे नियम हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि ते 'स्त्रियांविषयीचे कायदे' या यादीत नसल्यामुळे फार थोड्यांनी चाळले आहेत.

मुलांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क शहरात बाईला मार बसला आणि मुलांनी तो पाहिला, एवढ्यावरून मुलांना तिच्यापासून काढून घेतलं जात होतं. संघीय न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी २००२ मध्ये ही प्रथा घटनाबाह्य ठरवली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने २००४ मध्ये निव्वळ तेवढ्या कारणावर मूल काढून घेता येणार नाही असं स्पष्ट केलं. बालकल्याण यंत्रणेच्या ताब्यात जाणाऱ्या मुलांत कृष्णवर्णीय मुलं किती जास्त असतात, यावर डोरोथी रॉबर्ट्स यांचं मोठं काम आहे. ते वाचल्यावर एखादी आई फोन उचलायला का कचरते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा भाग स्थलांतरितांचा. १९८६ च्या कायद्याने नागरिकाशी लग्न करून आलेल्या व्यक्तीला दोन वर्षांचा सशर्त दर्जा दिला आणि कायम दर्जासाठी दोघांनी मिळून अर्ज करण्याची अट घातली. म्हणजे कागदाची किल्ली मारणाऱ्याच्या हातात. १९९० मध्ये सूट आली, पण पोलीस, डॉक्टर, समुपदेशक अशांचे पुरावे मागणारी. ज्यांना हे पुरावे गोळा करणं सगळ्यात कठीण, त्यांच्यासाठीच ती होती. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने नागरिकांच्या आणि ग्रीनकार्डधारकांच्या जोडीदारांना स्वतःहून अर्ज करण्याची मुभा दिली. २००० मध्ये, गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्या स्थलांतरितांसाठीचा यू-व्हिसा आला, वर्षाला १०,००० च्या मर्यादेसह आणि पोलिसांसारख्या यंत्रणेच्या प्रमाणपत्राच्या अटीसह. या सगळ्यांतून निसटते ती एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेली बायको. तिचा नवरा नागरिक नाही, ग्रीनकार्डधारक नाही, तो एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आहे. त्यामुळे स्वतंत्र अर्जाची ती वाट तिला बंद. २०१५ पर्यंत तिला नोकरीचीही परवानगी नव्हती आणि त्यानंतरही काहींनाच मिळाली. भारतीयांची ग्रीनकार्डची रांग देशनिहाय मर्यादेमुळे वर्षानुवर्षं लांबते, तितकं तिचं अवलंबित्वही लांबतं. अत्याचारग्रस्त एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना देण्याची तरतूद २००५ मध्ये झाली, पण ती अमलात यायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. मार्गारेट अब्राहम यांचं दक्षिण आशियाई स्थलांतरित बायकांवरचं संशोधन आणि १९८५ मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेल्या 'मानवी' संस्थेच्या सहसंस्थापक शमिता दास दासगुप्ता यांचं लेखन इथे आवर्जून वाचा. संस्कृतीचा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही कसा वापरला जातो, हे १९८९ च्या चेन खटल्यात दिसतं. ब्रुकलिनमध्ये बायकोचा खून केलेल्या चिनी स्थलांतरिताला, चिनी संस्कृतीत व्यभिचाराने काय वाटतं याविषयीची तज्ज्ञ साक्ष ऐकून, तुरुंगवासाऐवजी प्रोबेशनवर सोडण्यात आलं. त्या संस्कृतीत त्याची बायकोही होतीच, पण तिच्या बाजूने ती संस्कृती कुणी उभी केली नाही.

मूलनिवासी स्त्रियांच्या बाबतीत कायदा वांशिकदृष्ट्या तटस्थ आहे असं म्हणायलाही जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या ओलिफंट निकालाने मूलनिवासी नसलेल्या आरोपीवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार जमातींच्या न्यायालयांना नाकारला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात ८४ टक्के मूलनिवासी स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी हिंसा अनुभवल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या ९७ टक्के जणींनी निदान एकदा तरी दुसऱ्या वंशाच्या व्यक्तीकडून. म्हणजे घरात मारणारा गोरा असेल तर जमातीचे पोलीस दारात उभे राहूनही खटला भरू शकत नव्हते, आणि संघीय सरकारी वकील दूर शहरात बसून त्यांच्याकडे आलेल्या जमातींच्या भागांतल्या प्रकरणांपैकी निम्मी नाकारत होते. स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याच्या २०१३ च्या सुधारणेने कौटुंबिक हिंसाचारापुरता हा अधिकार काही अटींवर परत दिला. २०२२ मध्ये तो लैंगिक हिंसा, पाठलाग, मुलांवरील हिंसा इथपर्यंत वाढला.

बेथ रिची यांनी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९९६ मध्ये दाखवलं की मार खाणाऱ्या कृष्णवर्णीय बायका त्याच नात्याच्या सापळ्यातून गुन्ह्यापर्यंत कशा ढकलल्या जातात. फ्लोरिडात मारिसा अलेक्झांडर यांनी २०१० मध्ये धमकावणाऱ्या नवऱ्यासमोर एक गोळी झाडली. कुणालाही ती लागली नाही. २०१२ मध्ये त्यांना सक्तीच्या किमान शिक्षेच्या नियमाने २० वर्षं सुनावली गेली. अपिलात ती शिक्षा रद्द झाली, तरी तीन वर्षं तुरुंगात गेलीच. २००१ मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध लढणारी 'इन्साइट' आणि तुरुंगविरोधी 'क्रिटिकल रेझिस्टन्स' या संघटनांनी संयुक्त निवेदन काढून स्त्री-चळवळीच्या पोलीस-तुरुंगावरच्या भिस्तीला आव्हान दिलं आणि तुरुंगविरोधी चळवळीलाही सुनावलं की बायकांच्या सुरक्षेचं उत्तर तुमच्याकडे नाही. हे दुसरं वाक्य उद्धृत करताना लोक विसरतात. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये अत्याचारग्रस्त कैद्यांची शिक्षा कमी करण्याचा कायदा केला, तो या दीर्घ दबावाचा एक भाग.

आकडे वाचताना सावध राहा. २०१० च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ४३.७ टक्के, गोऱ्यांत ३४.६ टक्के आणि आशियाईंत १९.६ टक्के होतं. ते सर्वेक्षण फक्त इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये झालं. गुजराती, व्हिएतनामी किंवा कोरियन बोलणारी आणि नवरा शेजारी बसलेला असताना फोन उचलणारी बाई त्या १९.६ मध्ये कुठे आहे, हे स्वतःला विचारा. खुनांचे आकडे जास्त भरवशाचे, कारण प्रेत लपवणं कठीण. २००३ ते २०१४ या काळातल्या १८ राज्यांच्या नोंदींत दर लाखामागे ४.४ कृष्णवर्णीय आणि १.५ गोऱ्या स्त्रियांचा खून झाला, आणि सगळ्या वंशांतल्या स्त्रियांच्या एकूण खुनांपैकी निम्म्याहून जास्त जोडीदाराच्या हिंसेशी जोडलेले होते.

वाचनाचा क्रम विचारला आहे, तर माझी शिफारस अशी. १९९२ चा मिलवॉकी अभ्यास, मग क्रेनशॉ, मग डेझमंड-वाल्डेझ, मग रिची. पेज स्वीट यांचं २०१९ आणि २०२१ मधलं काम त्यानंतर घ्या. मदत मिळवण्यासाठी बाईला आधी 'बरी होत चाललेली पीडित' म्हणून स्वतःला सिद्ध कसं करावं लागतं, हे त्यांनी दाखवलं आहे. मिनियापोलिसचा मूळ लेख सगळ्यात शेवटी वाचा, म्हणजे त्यात काय मोजलं नव्हतं ते आपोआप दिसेल.

प्रबंधासाठी 'अटक उपयोगी की निरुपयोगी' हा प्रश्न घेऊ नका. तो चाळीस वर्षं चघळला गेला आहे. एकच काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घ्या आणि एका फोनचा माग काढा: पोलिसांची नोंद, घरमालकाची नोटीस, बालकल्याण खात्याची भेट, न्यायालयातली तारीख. ही कागदपत्रं चार वेगळ्या कार्यालयांत असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना एका टेबलावर आणणं हेच तुमचं संशोधन. त्या बायकांची ओळख कुठेही उघड होणार नाही याची लेखी व्यवस्था आधी करा, कारण पत्ता फुटला तर जीव जाऊ शकतो. आणि सुरुवात करा ती तात्पुरता संरक्षण आदेश घेऊन पुढच्या सुनावणीला न आलेल्या बायकांपासून. बहुतेक अभ्यासांत त्यांची प्रकरणं 'अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली' एवढ्या नोंदीवर बंद होतात. त्या का आल्या नाहीत हे विचारलं, तर वर सांगितलेल्यांपैकी कोणती किंमत कुणी मोजली ते तुम्हाला एकेका उत्तरात मिळत जाईल.